साडेअकरा इंच खांदा

मंजुषाला कोणी "बिचारी" म्हटलं की त्या माणसाला हार मिळत नाही. पंचवटी कारंजाजवळ तिचं फुलांचं दुकान आहे, लग्नाचे हार आणि गाड्यांची सजावट करून देते. गेल्या महिन्यात एक बाई नवरीचा हार न्यायला आल्या. त्यांना कुठून तरी तिची हकिगत कळली असावी. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "बिचारीचं वय तरी काय!" एवढंच बोलल्या. मंजुषाने बांधून तयार असलेला हार सोडला, फुलं टोपलीत टाकली आणि म्हणाली, "बिचारीच्या हातचा हार नवरीच्या गळ्यात कशाला? शेजारी जा, तिथे सुखी माणसं बसलीत." मी तिथेच स्टुलावर चहा पीत होते. चहा माझ्या नाकातून यायचा राहिला.

मी कलाबाई. मखमलाबाद नाक्यावर तीस वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे. टेप कधी खोटं बोलत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगते आणि मग त्यांच्या समाधानासाठी कंबर अर्धा इंच कमी लिहिते. एवढं खोटं या धंद्यात चालतं. मंजुषाच्या बाबतीत मात्र मी माप बरोबर लिहिलं आणि सतरा वर्षं तोंड बंद ठेवलं. ते कसं उघडलं ते सांगते. यात माझी काही शोभा नाही, तरी सांगते.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात मालनबाई तिला पहिल्यांदा माझ्याकडे घेऊन आली. मालनबाई आणि तिचा नवरा कोंडाजी मखमलाबादचे. अर्ध्या एकरात गुलाब आणि शेवंती, उरलेल्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर. पोरगी दहा वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र भांडकुदळ. मालनबाई म्हणाली, "कलाताई, पोरीला दोन ड्रेस शिवा. कॉलर लावा, पार कानापोत."

"या उन्हात? उकडून निघेल ती."

"निघू दे."

माप घ्यायला मी पोरीच्या फ्रॉकची वरची बटणं काढली. गळ्याची कातडी बाकी अंगापेक्षा काळपट होती. छातीच्या मधल्या हाडावर एक आणि दोन्ही खांद्यांखाली एकेक असे तीन निळे ठिपके होते, मोहरीएवढे. "गोंदण कोणी केलं गं तुला?" मी विचारलं. पोरगी आईकडे बघायला लागली. मालनबाईने तिला लिमलेटच्या गोळ्या आणायला शेजारच्या दुकानात पाठवलं आणि मग माझ्या मशीनशी टेकून सगळं सांगितलं.

आदल्या वर्षी पोरीच्या गळ्याला गाठी आल्या होत्या. सहा महिने भलत्याच रोगाची औषधं झाली. शेवटी मुंबईला नेलं. तिथे कळलं की तो मोठा रोग आहे. कॅन्सर हा शब्द मालनबाईने तेव्हाही उच्चारला नाही. ती दोन महिने धर्मशाळेत राहिली आणि पोरीला इस्पितळात रोज मशीनखाली किरणांचा शेक मिळाला. ते ठिपके इस्पितळातलेच होते, शेक रोज नेमका त्याच जागी पडावा म्हणून सुईने टोचलेले. गाठी विरल्या आणि पोर बरी झाली. परत आल्यावर मालनबाई घरी न जाता आधी गंगेवर गेली. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पोरीला आंघोळ घातली आणि इस्पितळातले कपडे, कंगवा, एक्स-रे, सगळ्या कागदांची फाईल, सगळं पाण्यात सोडून दिलं.

आता कोणी म्हणेल, काय हा अडाणीपणा. म्हणणाऱ्याने आमच्या आळीत येऊन राहावं. दुखणं गेलं की त्याच्या वस्तू गंगेला द्यायच्या आणि त्याचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, नाव काढलं की त्याला घराची वाट सापडते, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. मी स्वतः सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्या सोडल्या होत्या. त्यामुळे मालनबाईने माझा हात धरून "कोणाला बोलू नका, पोरीची जात हाय, उद्या लग्न करायचं" म्हटलं तेव्हा मी शपथ घेतली. पोरीलाही एवढंच ठाऊक होतं की गळ्याला गाठ होती, मुंबईच्या डॉक्टरांनी ती दिव्याखाली झोपवून बरी केली आणि कोणी विचारलं तर ठिपके गोंदणाचे म्हणायचे. मी कॉलर शिवली. चांगली ताठ, कॅनव्हास घालून शिवली.

दरवर्षी दिवाळीच्या आधी ती मापाला यायची. माझ्या वहीत तिचं एक पान होतं. उंची वाढली, कंबर वाढली, बाहीची लांबी वाढली. खांदा साडेअकरा इंचांवर जो थांबला तो थांबला. बाकीची मुलगी मोठी होत होती आणि गळा-खांदे तेवढे चौथीतच राहिले होते. मी खांद्यात गाद्या घालायला लागले, एकावर एक दोन. शाळेत तिला पोरी "कॉलरवाली" म्हणायच्या. त्यातल्या एकीच्या तिने कानाखाली वाजवली आणि हेडबाईंना सांगितलं, "तिने विचारलं असतं तर कॉलर दिली असती. तिने चिडवलं म्हणून हे दिलं." तोंडाला सारखी कोरड पडायची म्हणून ती खिशात खडीसाखर ठेवायची. दहावी होईपर्यंत तिच्या चार दाढा गेल्या होत्या. सगळे म्हणत, खडीसाखरेने गेल्या. मीही तसंच म्हणत होते.

अठराव्या वर्षी ती झोपायला लागली. गंमत नाही, बसल्या जागी झोपायची. मे महिन्यात स्वेटर घालायची, केस मुठीने गळायचे, अंग सुजल्यासारखं झालेलं. मावश्या-आत्या म्हणायला लागल्या की एवढी आळशी पोर कोण पदरात घेणार. शेवटी कोंडाजीने तिला नाशिक रोडला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ बंद पडलीय, रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. "एवढ्या लहान वयात कशी काय?" असं त्यांनी विचारलं. मालनबाई म्हणाली, "आमच्या घराण्यातच हाय." त्यांच्या घराण्यात कोणालाही नव्हतं.

दोन महिन्यांत पोरगी टुणटुणीत झाली. मग तिने काय करावं? रक्ताचा रिपोर्ट पर्समध्ये घातला आणि जिने जिने आळशी म्हटलं होतं तिच्या तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "आत्या, वाच. आळस कुठे लिहिलाय ते बोट ठेवून दाखव." एका आत्याने रडून घर डोक्यावर घेतलं. मला भारी आनंद झाला होता.

बी.कॉम. होऊन तिने दुकान घातलं. फार वेळ हात वर धरले की खांदे भरून यायचे, म्हणून गाडी सजवायला ती दोन पोरींना शिकवून उभी करायची आणि स्वतः मांडीवर परात घेऊन हार ओवायची. ओवता ओवता तोंडाचा पट्टा सुरू. गिऱ्हाइकं हारासाठी यायची की बोलणी खायला, ते मला कधी समजलं नाही.

दोन हजार आठ साली, सत्ताविसाव्या वर्षी तिला सटाण्याचं स्थळ आलं. कांद्याचा व्यापार, घर बरं, मुलगा शांत. मुलाच्या आईने तिला बघितलं, तिच्या हातचे दोन हार बघितले आणि अहिराणीत म्हणाली, "पोर चांगली शे." सुपारी फुटायचा दिवस ठरला, दसऱ्यानंतरचा गुरुवार. मंजुषा ब्लाऊजच्या मापाला माझ्याकडे आली. मी डाव्या काखेखालून टेप नेली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, इथे हाताला मण्यासारखं काहीतरी लागतं. दुखत नाही."

मी बोट लावलं आणि टेप तिथेच टाकली. मालनबाईला लगेच बोलावलं. ती म्हणाली, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." तेव्हा मला असा काही संताप आला की मी मशीनचा दिवा बंद केला, दुकानाला कुलूप लावलं आणि मंजुषाच्या हाताला धरून रिक्षात बसले. मालनबाई बडबडत मागून चढली. कॉलेज रोडला एक सर्जनबाई होत्या, तिथे गेलो. त्यांनी तपासलं आणि सुईने नमुना काढून घेतला. पाच दिवसांनी रिपोर्ट आला.

मंजुषाला त्यांनी रक्त द्यायला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि आधी आम्हाला दोघींना आत घेतलं. पेशंटच्या आधी घरच्यांना सांगायचं, ही आपल्याकडची रीत. ज्याचं शरीर त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. बाई म्हणाल्या, कॅन्सरच आहे, पण लहान आहे, लवकर सापडलाय. फक्त गाठ काढू आणि मग सहा आठवडे शेक देऊ. स्तन वाचेल.

"म्हणजे वरून काय कळायचं नाय?" मालनबाईने विचारलं.

"फारसं नाही. आधी कधी मोठा आजार? ऑपरेशन? कधी शेक दिलाय?"

"नाय हो. साधा तापसुदिक नाय."

"ते ठिपके कसले आहेत?"

"गोंदण."

मी तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. शेक हा शब्द मी नीट ऐकला होता. एकदा भाजलेली कातडी पुन्हा इस्त्रीखाली घालू नये एवढं मलाही कळतं. तरी मी बोलले नाही. शपथ आठवली, सटाण्याचा गुरुवार आठवला. त्या बारा-पंधरा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी मंजुषाला बोलावून घेतलं. आताची गाठ कसली आहे ते बाईंनी तिला सांगितलं होतं. पहिली गाठ कसली होती ते मी सांगितलं. तोही कॅन्सर होता. ठिपके गोंदणाचे नाहीत. तो दिवा म्हणजेच शेक. फाईल गंगेत गेली. आणि तुझ्या आईने काल डॉक्टरांना यातलं काहीही सांगितलं नाही.

तिने गालावरून, गळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे दाढा, थायरॉइड, हे खांदे..."

"त्याचंच असेल. मी काही डॉक्टर नाही."

"आणि कॉलर कोण शिवत होतं?"

"मी."

"मग आता उसवा."

तिच्या अंगात निळा पंजाबी ड्रेस होता, मीच शिवलेला. ती स्टुलावर बसली आणि मान वर केली. मी उसवणी घेतली. टाका सोडून उसवणी दोनदा भलतीकडेच घुसली, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, मान नका उसवू, कॉलर उसवा." कॉलर निघाली. खाली सतरा वर्षं जगाला न दिसलेला गळा होता, बारीक, काळपट, दोन्ही बाजूंनी खोल गेलेला. धाग्यांचे तुकडे तसेच लोंबत होते. मी म्हटलं, गळ्याला पट्टी तरी लावते. ती थांबली नाही. तशीच रिक्षात बसून सर्जनबाईंकडे गेली.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्याच छातीला पुन्हा शेक देणं धोक्याचं. कातडी, फासळ्या, हृदय, सगळ्याला. कदाचित पूर्ण स्तन काढावा लागेल. हृदयाची तपासणी आधी करायला हवी, कारण पहिल्या शेकाचा परिणाम तिथेही असू शकतो. आणि मुळात तेव्हा शेक कुठे दिला, किती दिला, याचा कागद हवा. "कागद आण," बाई म्हणाल्या, "मग ठरवू. पण महिना लावू नकोस."

मंजुषा बापाला घेऊन मुंबईला गेली. इस्पितळाच्या जुन्या कागदांच्या खिडकीवर फाईलचा नंबर विचारला. नंबर गंगेत. नंबराशिवाय अठरा वर्षांपूर्वीचं पान शोधायचं म्हणजे त्या वर्षाची सगळी रजिस्टरं काढायची. निदान महिना सांगा, खिडकीतला माणूस म्हणाला. मंजुषाला महिना आठवेना. ती दोन दिवस खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिली. उठा म्हटलं की म्हणायची, "माझी छाती कापायची की नाही ते तुमच्या कपाटात लिहिलंय, मी कशी उठू?"

तिसऱ्या दिवशी कोंडाजी बोलला. कोंडाजी म्हणजे वर्षातून चार वाक्यं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, आम्ही निघालो तवा गुलाबाची छाटणी नुकतीच झालती. मी कात्री तशीच बांधावर टाकून आलो. आन ह्या दोघी माघारी आल्या तवा पहिली फुलं निघून गेलती. मंजी दसऱ्याच्या पुढं-मागं धरा." खिडकीतल्या माणसाने ऑक्टोबरचं रजिस्टर काढलं. दुपारी पान सापडलं.

त्या पानाची नक्कल मी बघितली आहे. शेक कुठून कुठपर्यंत, किती दिवस, सगळं होतं. सगळ्यांत खाली लिहिलं होतं: दरवर्षी तपासणीला आणणे, आयुष्यभर, आईला समजावून सांगितले. त्याखाली चौथी शिकलेल्या बाईची वळणदार सही: मालन कोंडाजी.

मंजुषाने ते पान आईसमोर ठेवलं. मालनबाईने बघितलं, उठली आणि चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागली. त्यानंतर गुरुवारपर्यंत मायलेकी एकमेकींशी अक्षर बोलल्या नाहीत. तोवर हृदयाची तपासणी झाली, ते ठीक निघालं. सर्जनबाईंनी पान वाचून सांगितलं, पूर्ण स्तन काढायचा, शेक नाही. मंजुषा "बरं" म्हणाली. मालनबाईने मात्र माझ्याकरवी हट्ट धरला की आधी सुपारी फुटू दे, ऑपरेशन पंधरा दिवसांनी कर, अपेंडिक्सचं म्हणून सांगू.

गुरुवारी सकाळी दहालाच सटाण्याची माणसं आली. मुलगा, त्याची आई आणि बोलायला मामा. मीही होते. मंजुषा बाहेर आली ती साडी नेसून, खोल गळ्याचा ब्लाऊज घालून. तो मी शिवून दिला होता, खांद्यात गादी न घालता. ती त्यांच्यासमोर पाटावर न बसता खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. नऊ वर्षांची असताना काय झालं, शेकाने काय काय गेलं, आता काय झालंय आणि काय कापणार आहेत. "मूल होईल का, ते मला अजून माहीत नाही. विचारणार आहे. तुम्हाला जमत असेल तर बसा. नसेल तर चहा पिऊन जा, मला राग नाही."

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या आईचे डोळे भरले. मामा मात्र बोलायला लागला. "आमले पहिलेच सांगाले पाहिजे व्हतं." हे त्याचं बरोबर होतं, आम्ही सगळ्यांनी मान खाली घातली. तिथे थांबला असता तर सुखाने गेला असता. पण त्याला ऐकणारी माणसं मिळाली होती. तो म्हणाला, "असा खराब माल झाकीसन कसा काय इकतस तुम्ही?"

मंजुषा उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून मालनबाई पुढे आली. हातात चहाचा ट्रे होता. तिने तो खाली ठेवला नाही.

"माल?" ती म्हणाली. "मामा, माझ्या पोरीला कॅन्सर झालता. ऐकलं? कॅन्सर. नऊ वर्षांची व्हती. दार बंद करून एकटी मशीनखाली झोपायची, आन रडायची नाय, मी बाहेर रडायची. त्याच्यातून जगली. आता परत झालाय, परत जगंल. तुमच्या घरात हाय का कोन एवढ्या दमाचं? असंल तर दावा, मी हात जोडते. नसंल तर उठा. चहा बी नाय मिळायचा."

ती ट्रे घेऊन तशीच आत गेली. सटाण्याची माणसं उठली. मुलाच्या आईने जाताना मंजुषाच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा दारात क्षणभर थांबल्यासारखा झाला, मग तोही गेला. कोंडाजी त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेला. रीत ती रीत.

मंजुषा स्वयंपाकघरात गेली. मी दारातच उभी राहिले. मालनबाई ओट्याला पाठ लावून खाली बसली होती आणि ट्रेमधले चार कप तिच्या पायाशी होते.

"हे अठरा वर्षांपूर्वी बोलली असतीस तर?" मंजुषा म्हणाली. आवाज चढलेला होता. "दरवर्षी तपासायला नेलं असतंस तर? सही केली होतीस, आई."

"केली व्हती. मला वाटलं, दरसाल नेलं तर ते दरसाल घरात यील." मालनबाईने पदराने तोंड पुसलं. "तुझे बाबा वावरात. त्या धर्मशाळेत दोन महिने मी कोनाशी बोलले नाय. मी एकटीच व्हते गं. लय भ्याले व्हते."

माफ केलं असं मंजुषा बोलली नाही, आणि आजवर कधी बोललेली नाही. मग तिने वाकून आईला दंडाला धरून उठवलं.

"आता एकटी नाहीस," ती म्हणाली. "चप्पल घाल. ऑपरेशनची तारीख घ्यायचीय. बाई एक वाजेपर्यंतच असतात, आणि आज तिथे जे विचारतील ते सगळं तू सांगायचंस."